माझ्या हातामागून त्यांचा हात

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर जतकडची एक म्हातारी होती. मेंढरं राखणारी, तोंडानं फटकळ. मी दुपारभर भिंतीकडं तोंड करून पडायची, ते तिला बघवेना. एक दिवस म्हणाली, "रडून झालं असंल तर उठ. तुला लिव्हाय-वाचाय येतंय न्हवं? मग बरी झालीस की लिवून काढ. आमच्यावानी लोकं तोंड झाकून घरात बसत्यात आन् बोटं गेल्यावर हितं येत्यात." तिच्या स्वतःच्या दोन्ही हातांची बोटं आखडून आत वळलेली होती. तिला मी हो म्हटलं होतं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मला कुष्ठरोग झाला होता. आता नाही. हा शब्द आधीच लिहून टाकते, कारण तो तोंडातून बाहेर काढायला मला फार दिवस लागले. आणि ज्यांच्या घरात तो आज आला असेल त्यांनी पुढं वाचावं असं मला वाटतं.

कडी

माझं माहेर आष्ट्याचं. सासर पाचगणीच्या पठाराखालच्या एका गावातलं. नवरा विलास, पॅराग्लायडिंगचे पायलट. घरात मी त्यांना 'आवं' म्हणूनच हाक मारते, पण इथं 'हे' आणि 'ते' करत बसले तर तुमचा गोंधळ उडेल, म्हणून सरळ नाव लिहिते. ते पर्यटकांना आपल्या पुढ्यात बांधून घेऊन कड्यावरून उडतात आणि खाली धोम धरणाच्या पाण्याअलीकडं शेतात उतरतात. ते बांधायचं काम माझं होतं.

बाईमाणसाला हे काम मिळालं ते लाजेपायी. मांड्यांचे पट्टे पुरुषांनी आवळायचे म्हटल्यावर बायका अवघडून जायच्या, "राहू दे, सैलच राहू दे" म्हणायच्या. आणि सैल पट्टा घेऊन कुणाला उडवता येत नाही. तेव्हा नानांनी मला वर बोलावलं. नाना म्हणजे ज्यांनी विलासना उडायला शिकवलं ते. सगळ्या पठाराला त्यांचा धाक. पट्टे कसे आवळायचे, कडी कशी लावायची, सगळं त्यांनीच मला शिकवलं.

कडी म्हणजे काय ते सांगते. माणूस पट्ट्यांच्या बैठकीत बसतो, वर कापडाचा पंख असतो, आणि या दोघांना जोडतात दोन कड्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. मुठीत मावेल एवढी वस्तू. तिला आत उघडणारं छोटं दार असतं आणि दारावर एक फिरकी. पट्टा आत घालून दार सोडलं की ते मिटतं, फिरकी वळते आणि कुलूप बसतं. दार पुरतं मिटलं नसेल तर कडीत जोर राहत नाही. भार आला की ती उकलते, आणि तेव्हा पायाखाली जमीन नसते.

वाऱ्यात कुलूप बसल्याचा आवाज ऐकू येत नाही. जाकीट, ओढणी, पर्सचा बंद, काहीतरी मध्ये येतंच. म्हणून कडी बोटांनी बघायची असते. अंगठ्यानं दार दाबायचं, ते हलता कामा नये. मग करंगळी आणि शेजारचं बोट दाराच्या मागच्या बाजूनं फिरवायचं, कापड अडकतं ते तिथं. मी हे सगळं न बघता करायची. तोंडानं त्या बाईशी गप्पा, "कुठनं आलाय, पोरंबाळं काय करत्यात", आणि बोटं आपलं काम करत असायची. मग मी ओरडायची, "झालं!" आणि विलास धावायला लागायचे.

नियम असा की बांधणाऱ्यानं सांगितलं तरी पायलटनं दोन्ही कड्यांना स्वतः हात लावायचा. विलास लावायचे नाहीत. नाना तापायचे, "इलास, बायकुचं कवतिक घरी कर. हितं दोन माणसांचं हात लागलं पायजेत."

विलास हसून म्हणायचे, "तिच्या बोटास्नी डोळं हायती नाना."

मला याचा किती ताठा होता म्हणून सांगू! दुसऱ्या बायकांचे नवरे गजरे आणतात. माझा नवरा माझ्या एका शब्दावर कड्यावरून उडी टाकत होता.

करपल्याचा वास

उजव्या दंडाखाली एक फिकट चट्टा आला. खाजत नव्हता, दुखत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "उनाचं हाय, जाईल." मग करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. पठारावरचा वारा बोचरा असतो, त्याच्यावर ढकललं. चिमूट ढिली पडायला लागली, कपड्याला पिन लावताना सुटायची. मी म्हटलं, अशक्तपणा असेल.

एकदा सकाळी भाकरी करताना सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "काय करपलं गं?" मी तव्याकडं बघितलं. भाकरी चांगली टम्म फुगलेली होती. करपत होतं ते माझं बोट. ते तव्याच्या कडेला टेकलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

मी हसले. दुखलं नाही म्हणून मला बरंच वाटलं. न दुखणं हेच दुखणं असू शकतं, असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

ओढणी

मग एके दिवशी एक नवीन लग्न झालेली मुलगी आली होती. हातावरची मेंदी अजून फिकी पडली नव्हती. नवरा समोर मोबाइल धरून शूटिंग करत होता. मी बांधलं, बोटं मागून फिरवली, "झालं!" म्हटलं. विलासनी पंख उचलला, दोघं धावले. कड्याच्या तोंडाशी नाना उभे होते. त्यांनी पुढं झेप घेतली, तिचे पट्टे दोन्ही हातांनी धरले आणि दोघांना खाली बसवलं. पंख वाऱ्यात फडफडून आडवा झाला.

उजव्या कडीच्या दारात ओढणीचं टोक होतं. दार उघडं होतं. माझी बोटं त्या ओढणीवरून गेली होती. नक्की गेली होती. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

त्या पोरीला वाटलं, वारा बदलला म्हणून थांबवलं. तिच्या नवऱ्याचं शूटिंग चालूच होतं. विलासनी कडीकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.

दुसऱ्या दिवशी मी बांधलं आणि "झालं" म्हटलं. विलास धावले नाहीत. त्यांनी आधी डावी कडी दाबून बघितली, मग उजवी. बरोबरच केलं त्यांनी. कुणीही हेच करायला हवं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. पण माझ्या हातामागून त्यांचा हात आला आणि माझा बांधच फुटला. त्या प्रवासी बाईसमोर मी हमसून हमसून रडले. विलास तसेच ताटकळत उभे राहिले, हात कडीवर.

नानांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, हाताला काय झालंय ते दाखीव जा कुठंतरी. न्हाई दाखीवलंस तर पुना वर यायचं न्हाई."

पेनाचं टोक

आष्ट्याहून भाऊ आला आणि मला सांगलीला चामडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. विलासही होते. डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा. मी पेनाचं टोक लावीन. कळलं की तिथं बोट ठेवा."

मी डोळे मिटून बसले आणि वाट बघत राहिले. एकदा दंडाला लागलं, मी बोट ठेवलं. एकदा अंगठ्याला, ठेवलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, डॉक्टर काहीतरी लिहीत असतील. म्हटलं, "लावा की." मी डोळे उघडले तर पेनाचं टोक माझ्या करंगळीवर टेकलेलं होतं. विलास ते बघत होते. त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

डॉक्टरांनी कोपराच्या आत एक दोरीसारखी शीर दाबली, तेव्हा मात्र जीव कळवळला. मग त्यांनी नाव सांगितलं. भाऊ एकदम म्हणाला, "महारोग?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तो शब्द आता सोडा. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की हिच्यापासून कुणाला लागण व्हायची भीती राहत नाही."

"आणि बोटं?" मी विचारलं.

"शीर सुजली आहे. लगेच उपचार करू. पण संवेदना जाऊन किती दिवस झाले त्यावर आहे. सगळी परत येईल असं मी म्हणणार नाही."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "घरी काय सांगायचं? कातडीचं काहीतरी हाय म्हणू." विलास म्हणाले, "हाय ते सांगायचं." आणि एसटी स्टँडवर, लोकांच्या गर्दीत, त्यांनी माझा तोच उजवा हात धरला. धरल्याचं मला अर्धंच कळलं.

ताट

सासूबाई वाईट नाहीत. त्यांच्या लहानपणी त्यांनी अशा माणसांना गावाबाहेर झोपडीत राहताना, लांबून टाकलेली भाकरी उचलताना पाहिलं होतं. ते त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना. त्या रडतच म्हणाल्या, "रेखा, थोडं दिस तुज्या हातची भाकरी नगं बाई." आणि माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा मांडला.

विलास जेवायला आले. त्यांनी बघितलं आणि ते सरळ माझ्या ताटासमोर बसले. माझ्या ताटातली अर्धी उष्टी भाकरी मोडून कालवणाला लावली आणि खाल्ली. सासूबाई "आरं, आरं" करत राहिल्या. ते रोज तसंच जेवू लागले. त्यांचं असंच आहे. माया तोंडानं सांगता येत नाही, ती करून दाखवायची, आणि एकदा धरलं की सोडायचं नाही.

गोळ्यांनी पहिल्यांदा लघवी लाल झाली तेव्हा मी घाबरून बसले. मग अंग काळवंडलं. सुजेच्या गोळ्यांनी चेहरा भोपळ्यासारखा गोल झाला. गावातल्या बायका हळदी-कुंकवाला बोलवायच्या बंद झाल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही. मी कुठं जाऊन बसले की शेजारची जागा मात्र ऐसपैस व्हायची. त्या दिवसांत मला मरावंसं वाटायचं, हे लपवत नाही.

मिरजेचे दिवस

भाजलेलं बोट चिघळलं, शीर सुजलेलीच राहिली, म्हणून मला मिरजेला दाखल केलं. सकाळी बादलीत हात भिजत घालून बसायचं, मग तेल चोळायचं, मग तिथल्या फिजिओथेरपीच्या शबाना मॅडम बोटांचा व्यायाम घ्यायच्या. आम्ही सगळ्या बायका ओळीनं हात पाण्यात बुडवून बसायचो. जतची म्हातारी म्हणायची, "मासं कवा घावायचं गं?" आणि आख्खा वॉर्ड हसायचा. असं हसू घरी मला कुठं मिळालं नव्हतं.

शबाना मॅडमना मी माझं काम सांगितलं. कडीचं चित्र काढून दाखवलं. त्या विचार करून म्हणाल्या, "रेखाताई, जी बोटं गेली त्यांची वाट बघत बसू नका. त्यांचं काम डोळ्यांना द्या. डोळे शिकतात. पण एक सांगते, बोटं आपोआप बघायची, डोळ्यांना प्रत्येक वेळी सांगावं लागतं." करंगळी आणि शेजारचं बोट परत आली नाहीत. चिमूट मात्र सुधारली. विलास दर आठवड्याला दोन कड्या पिशवीत घालून आणायचे आणि मी खाटेवर बसून त्या पट्ट्यात घालायची, काढायची. फिरकीखाली आम्ही लाल नेलपेंट लावलं होतं. कुलूप बसलं की लाल झाकलं जातं. लाल दिसलं की थांबायचं. म्हातारी बघत बसायची. म्हणायची, "ह्यो कडीचा नाद काय सुटत न्हाई तुजा."

कसा सुटणार? मला दुसरं काही नकोच होतं. पठारावर उभं राहून पुन्हा "झालं" म्हणायचं होतं आणि विलासनी ऐकायचं होतं, एवढ्यासाठी मी त्या गोळ्या गिळत होते.

पुन्हा वर

गोळ्यांचा काळ पुरा झाला आणि डॉक्टरांनी बरी झालीस म्हणून सांगितलं, तेव्हा नानांनी एका अटीवर मला वर घेतलं. पायलट हात लावून बघणार, प्रत्येक वेळी. विलासनी मान हलवली.

पहिले काही दिवस मी माझ्याच नादात होते. डावी बघ, लाल नाही. उजवी बघ, लाल नाही. मागं वाकून कापड बघ. "झालं!" मग माझ्या लक्षात आलं की मी "झालं" म्हटल्याबरोबर विलास धावतात. ते हात लावतच नव्हते. नानांचे गुडघे धरले होते, ते रोज कड्यापाशी उभे राहत नव्हते, त्यामुळं बोलणारंही कुणी नव्हतं.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला आनंद झाला. आजार गेला असं डॉक्टरांनी म्हटलं तेव्हा झाला नव्हता इतका. त्या दिवशी घरी येऊन मी पुरणपोळ्या केल्या, आणि सासूबाईंनी त्यातली एक खाल्ली.

मग एका सकाळी गर्दी होती. मी एका बाईला बांधलं, कुणीतरी मागून हाक मारली, मी उत्तर दिलं, "झालं" म्हटलं, विलास उडाले. आणि ते कड्यापलीकडं गेल्यावर माझ्या मनात आलं, उजवी बघितली का मी? डावी आठवत होती. उजवी आठवेना. बोटांना विचारावं तर ती मुकी. पूर्वी असं कधी झालं नव्हतं, बोटांनी न बघता मी हात मागं घेतलेलाच नव्हता. मी तिथंच मातीत बसले. पंख वळत वळत खाली चालला होता आणि मी त्याच्याकडं बघूही शकत नव्हते. खालून फोन आला, "उतरलो. पुढचीला तयार ठेव." मी तसाच फोन ठेवला.

पुढची म्हणजे जतची एक कॉलेजातली पोरगी होती. विलास गाडीनं वर आले. मी तिला बांधलं. दोन्ही कड्या डोळे फाडून बघितल्या. लाल नव्हतं. तिचे वडील जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, पक्कं हाय न्हवं? एकच लेक हाय."

मी विलासना म्हटलं, "आवं, हात लावून बघा."

"तू बघितलंस न्हवं?"

"व्हय. तरी बघा."

ते पुढं वाकले आणि त्या पोरीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मागं मी हात लावला तवा तू कशी रडलीस ते इसरलो न्हाई मी. आता मरस्तवर तुज्या मागनं हात लावायचो न्हाई."

सगळ्या आजारपणात मला ज्याची भूक होती तेच त्यांनी मला दिलं. आणि ते देताना त्यांच्या छातीशी दुसऱ्याची एकुलती लेक बांधलेली होती. ती मोबाइलकडं बघून हसत होती.

मी त्यांच्या पुढ्यात, धावायच्या वाटेवर, जाऊन उभी राहिले. "हात लावल्याबिगर ही पोरगी उडायची न्हाई."

"रेखा, लोक बगत्यात."

"बगू द्यात."

त्यांनी डावी दाबली. उजवी दाबली. दोन्ही लागलेल्या होत्या. ते एवढे खूश झाले! "बग, लागलीच हुती की!" म्हणाले आणि त्या पोरीला घेऊन उडाले. त्यांचं ते हसू बघून मला कळून चुकलं की उद्या ते परत हात लावणार नाहीत.

मी नानांना फोन केला. म्हटलं, उद्यापासून दुसरं कुणीतरी बघा. नाना म्हणाले, "बरं पोरी."

घरी विलास मला विचारत राहिले, "माजं काय चुकलं? कडी तर लागली हुती." नवरा म्हणून त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. ज्यानं माझ्या ताटातलं उष्टं खाल्लं त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू की, तुमची माया एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल? तरी सांगितलं. ते परसात जाऊन बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

ज्यांना चट्टा आहे आणि तो खाजत नाही, दुखत नाही, त्यांनी आजच सरकारी दवाखान्यात जावं. गोळ्या तिथं फुकट मिळतात. ताट-वाटी वेगळी करू नका, त्याची गरज नाही. आणि हाताला गार-गरम कळेना झालं तर अशक्तपणा म्हणून बसू नका. मी वेळेवर गेले असते तर माझी बोटं वाचली असती. बाकी मला सांगता येण्यासारखं काही नाही.

आता वाईची एक बाई कड्या लावते. हुशार आहे, हात चलाख आहे. मी कधीतरी डबा द्यायला वर जाते आणि लांब उभी राहते. ती "झालं" म्हणते. विलास डावी दाबून बघतात, उजवी दाबून बघतात, मग धावतात. रोज, न चुकता, प्रत्येक माणसाच्या वेळी. आणि ती बाई तोवर पाठ फिरवून पुढच्या माणसाचे पट्टे काढायलाही लागलेली असते. तिला त्याचं काहीच वाटत नाही.